मळवलीच्या छापखान्यातली लक्ष्मी

रूपकचित्रातली स्त्री ही कोणी एक व्यक्ती नसते. समृद्धी, विद्या, न्याय, ऋतू, मातृभूमी अशी डोळ्यांना न दिसणारी एखादी कल्पना तिच्या रूपाने समोर उभी असते. त्यामुळे अशा चित्रात वायफळ काहीच नसते. हातातली वस्तू, बोटांची ठेवण, वस्त्राचा रंग, पायाखालचे आसन, शेजारचा पशू किंवा पक्षी, मागचे पाणी आणि झाडे या सगळ्या खुणा असतात. त्या ओळखता आल्या की चित्र बोलू लागते. नाही आल्या तर दिसते ती फक्त एक सजलेली बाई.

मराठी माणसाला ही भाषा परकी नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तेव्हा घराची स्वच्छता आणि भरभराट ही एकाच वस्तूत पाहिलेली असते. दसऱ्याला पाटीवर रेघांची जी सरस्वती काढतात, तिला ना चेहरा ना हातपाय, तरी ती सरस्वतीच असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर उभी असलेली पाषाणाची स्त्री म्हणजे ‘प्रगती’. तिच्या उंचावलेल्या उजव्या हातात मशाल आहे आणि डावा हात आऱ्यांच्या चाकावर आहे. तिथून थोड्याच अंतरावर, १८६४ मध्ये उभारलेल्या फ्लोरा फाउंटनच्या माथ्यावर फुलांची रोमन देवता आहे. पहिल्या दोन खुणा घरातल्या आणि नंतरच्या दोन युरोपातून आलेल्या. पण कल्पनेला स्त्रीरूप देण्याची रीत दोन्हीकडे एकच.

या दोन परंपरा एका कागदावर एकत्र आल्या, त्या लोणावळ्याजवळच्या मळवलीत. राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेल्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी ही मराठी घरांत सर्वाधिक पाहिलेल्या रूपकचित्रांपैकी एक आहे. मूळ तैलचित्र १८९६ चे. आज दुकानाच्या गल्ल्यामागे, व्रताच्या पुस्तिकेवर, लग्नपत्रिकेवर किंवा कॅलेंडरवर जी लक्ष्मी दिसते, तिची उभे राहण्याची रीत, तिची साडी आणि तिच्या भोवतीचे तळे बव्हंशी या एका चित्रावरून आले आहे.

छापखाना मावळात कसा आला

रविवर्मा यांचा जन्म १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. तैलरंगांचे युरोपीय तंत्र त्यांनी आत्मसात केले आणि राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे काढून नाव कमावले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पुराणकथांवर चौदा चित्रांची मालिका रंगवली. ती पाहायला लोकांची रीघ लागली, पण राजवाड्यातले चित्र सामान्य माणसाच्या घरी जाऊ शकत नव्हते. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेल्या टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच दिला होता.

१८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीहून आली आणि जाणते कारागीरही तिथूनच आले. धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा यांनी कारभारात मोठा वाटा उचलला. छापून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून जाऊ लागली, धंदे अडखळले. छापखाना आधी घाटकोपरला आणि नंतर १८९९ च्या सुमारास मळवलीला हलवण्यात आला.

मळवली हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे लोणावळा आणि कामशेत यांच्या मधले स्थानक. बोरघाटातून गाडी १८६३ पासून धावत होती. जड दगड आणि यंत्रे आणणे, छापलेली चित्रे मुंबईला व पुण्याला पाठवणे रेल्वेमुळे शक्य झाले. एका बाजूला लोहगड आणि विसापूर, त्यांच्या पायथ्याशी भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई, अशा परिसरात हा कारखाना उभा राहिला. त्याच्या अनेक चित्रांच्या तळाशी कार्ला, लोणावळा असा पत्ता छापलेला असे. हे नाव मग मद्रासपासून लाहोरपर्यंतच्या भिंतींवर गेले.

चित्रात काय दिसते

लक्ष्मी तळ्यात उमललेल्या एका मोठ्या गुलाबी कमळावर उभी आहे. अंगावर लालसर साडी आहे, तिचे काठ सोनेरी आहेत. डोक्यावर मुकुट, मोकळे काळे केस, गळ्यात, कानांत आणि हातांत दागिने. हात चार. मागचे दोन वर उचललेले, त्यांत कमळे. पुढच्या दोन हातांपैकी एक अभय देणारा, दुसरा वर देणारा. मागे पाण्यात हत्ती उभा आहे आणि त्याच्या सोंडेत फुलांची माळ आहे. पाण्यावर हंस, कमळाची पाने आणि कळ्या, पलीकडे झाडी.

चित्र असे रचले आहे की नजर प्रथम चेहऱ्याकडे जाते, तिथून वरच्या कमळांकडे, मग दोन तळहातांकडे आणि साडीच्या काठावरून खाली पायांकडे. देवी पाहणाऱ्याकडे सरळ तोंड करून उभी आहे. दर्शनासाठी हे आवश्यक होते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर जशी दृष्टभेट होते, तशीच ती या कागदापुढेही होते. रविवर्मा यांच्या शकुंतला आणि दमयंती मान वळवून दुसरीकडे पाहतात, कारण त्या कथेतल्या स्त्रिया आहेत. लक्ष्मी कथेतून बाहेर आलेली आहे. ती काही करत नाही, कुठे जात नाही. ती आहे, एवढेच चित्र सांगते. रूपकचित्र आणि कथाचित्र यांतला भेद या दोन नजरांत नेमका दिसतो.

कमळ, हत्ती आणि हात

यातली एकही खूण रविवर्मा यांनी नव्याने शोधलेली नाही. कमळ चिखलात उगवते, पण चिखल त्याला चिकटत नाही. म्हणून ते शुद्धतेचे चिन्ह. पाण्यावर तरंगणारे, सकाळी उमलणारे फूल म्हणून ते सृष्टीच्या आणि सुफलतेच्या कल्पनेशीही जोडले गेले. संपत्तीची देवता कमळावर उभी असते याचा अर्थ असा की ऐश्वर्य कुठूनही उगवले तरी त्याला मळ लागता कामा नये. कमळ नाजूक आहे, त्यावर भार टाकता येत नाही. लक्ष्मी चंचल असते हा लोकांचा अनुभवही त्या आसनात सामावलेला आहे.

हत्तीची खूणही तशीच जुनी आणि महाराष्ट्राच्या दगडात कोरलेली आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या एका चैत्याच्या दर्शनी कमानीत कमळावर उभी असलेली देवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर गजलक्ष्मी आहे. कमळांच्या तळ्यात बसलेल्या देवीवर हत्ती कलशांनी पाणी ओततात. मळवलीच्या अगदी शेजारी, कार्ल्याच्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना दगडी हत्ती जणू वरचे मजले पाठीवर पेलून उभे आहेत. भारतीय कल्पनेत हत्ती म्हणजे मेघ, हत्ती म्हणजे राजा. तो देवीवर पाणी ओततो तेव्हा जमिनीवर पाऊस पडतो आणि राज्याभिषेकही होतो. भातशेतीवर जगणाऱ्या मावळासारख्या मुलखात पाऊस आणि लक्ष्मी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रविवर्मा यांनी इथे एक मोठा बदल केला. दोन हत्तींच्या जागी एकच हत्ती आला आणि त्याच्या सोंडेत कलशाऐवजी माळ आली. लेण्यातले हत्ती देवीला न्हाऊ घालतात. या चित्रातला हत्ती तिचा सन्मान करतो. शेतीच्या देवतेवर पावसाचा अभिषेक होत होता. आता घरात येणाऱ्या लक्ष्मीचे हार घालून स्वागत होते. दोन बाजूंचे दोन हत्ती गेल्यामुळे जुना काटेकोर समतोल सुटला आणि देवीभोवती खराखुरा निसर्ग रंगवायला जागा मिळाली. एका खुणेच्या बदलाने अर्थ आणि रचना दोन्ही बदलल्या.

चार हातांचा प्रश्न चित्रकारापुढे अधिक अवघड होता. दगडातल्या मूर्तीला चार हात असले तर कोणाला खटकत नाही, कारण ती मूर्ती मानवी शरीराची नक्कल करत नाही. पण तैलरंगात खांद्याचा गोलावा, कातडीची चमक, सावली हे सगळे खरे दाखवल्यावर जादा दोन हात कुठून फुटतात हे दाखवणे भाग पडते. रविवर्मा यांनी ती जागा मोकळे केस, पदर आणि सावली यांच्या आड ठेवली. मागचे हात वर वळलेले, फुले धरलेले. पाहणाऱ्याचे लक्ष फुलांकडे जाते, सांध्याकडे जात नाही. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ या चार हातांत पाहण्याची रीत आहे.

कोणत्या देवतेच्या हातात काय असावे, आसन आणि रंग कोणते असावेत, याचे नियम आपल्याकडे ध्यानश्लोकांत आणि शिल्पग्रंथांत सांगितले होते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथाच्या व्रतखंडात अशी देवतावर्णने एकत्र केली. युरोपातही १५९३ मध्ये चेझारे रिपा याने रूपकमूर्तींचा कोश लिहिला आणि पुढच्या पिढ्यांतले चित्रकार तो उघडून न्याय, काळ, कीर्ती यांची रूपे ठरवू लागले. खुणा चित्रकारांच्या लहरीवर सोडलेल्या नसत. त्या सर्वांना वाचता याव्यात म्हणून ठरवून दिलेल्या असत.

साडी, दागिने आणि सजावट

या लक्ष्मीला मराठी, तमिळ, गुजराती आणि बंगाली घरांनी आपले मानले, त्याचे मोठे कारण तिचे वस्त्र. जुन्या शिल्पांत देवीच्या अंगावर झिरझिरीत वस्त्र असते आणि दागिने ठळक असतात. रविवर्मा यांनी तिला साडी नेसवली. देशभर फिरून त्यांनी निरनिराळ्या प्रांतांचे पेहराव पाहिले होते. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात वेगवेगळ्या प्रांतांच्या आणि समाजांच्या अकरा स्त्रिया गाण्याबजावण्यासाठी एकत्र बसलेल्या आहेत. तोही देशाचे रूपक करण्याचाच प्रयत्न होता. पण देवीसाठी त्यांना असे वस्त्र हवे होते जे कुठल्याही प्रांतातल्या सभ्य घरात शोभेल. पदर खांद्यावरून आलेला, निऱ्या पायांपर्यंत पडलेल्या, काठ भरजरी: हे रूप समृद्ध गृहिणीचे होते.

साडीचा लाल रंग सौभाग्याचा. सोनेरी काठ वैभवाचा. मोकळे केस मानवी स्त्रीच्या बाबतीत घरातल्या पूजेला चालत नसत. देवीच्या बाबतीत ते तिच्या शक्तीचे चिन्ह ठरतात. मुकुट ती राणी आहे हे सांगतो आणि अनवाणी पाय ती पूजनीय आहे हे सांगतात. दागिन्यांचा तपशील मात्र केवळ शास्त्रातून आलेला नाही. संस्थानांच्या राजस्त्रियांची व्यक्तिचित्रे रंगवताना रविवर्मा यांनी मोत्यांची चमक, माणकांची खोली आणि सोन्यावरचा उजेड रंगवण्यात हातखंडा मिळवला होता. ते कसब त्यांनी देवीला वाहिले.

या सजावटीला वरवरची म्हणणे चूक ठरेल. समृद्धी ही कल्पना आहे आणि समृद्धी डोळ्यांना दिसते ती कापडाच्या वजनात, काठाच्या झळाळीत, फुलांच्या भरगच्चपणात. लक्ष्मीच्या चित्रातून सजावट काढून घेतली तर उरलेले चित्र लक्ष्मीचे राहणार नाही. इथे सजावट हाच अर्थ आहे.

सरस्वती: तीच भाषा, उलटा अर्थ

सजावट हाच अर्थ, हे पटण्यासाठी रविवर्मा यांची १८९६ चीच सरस्वती शेजारी ठेवून पाहावी. तिची साडी पांढरी आहे, काठ सोनेरी असला तरी अंग साधे. ती कमळावर उभी नसून पाण्याकाठच्या खडकावर बसलेली आहे. चार हातांपैकी दोन वीणा वाजवतात. उरलेल्या दोन हातांत पोथी आणि जपमाळ. जवळ मोर. महाराष्ट्रात सरस्वतीचे वाहन म्हणून हंसाइतकाच मोरही रूढ आहे, त्यामुळे मराठी डोळ्याला हे चित्र लगेच ओळखीचे वाटले.

पांढरा रंग ज्ञानाच्या निर्मळतेचा. खडक स्थिर, विद्या मिळाली की जात नाही. कमळ तरंगते, खडक हलत नाही, एवढ्या एका फरकात लक्ष्मी आणि सरस्वती यांच्याबद्दलचा लोकांचा अनुभव सांगून झाला. पोथी म्हणजे साठवलेले ज्ञान, माळ म्हणजे त्याचे मनन, वीणा म्हणजे त्यातून उमटणारी कला. लक्ष्मीचे पुढचे हात पाहणाऱ्याला काही देतात. सरस्वतीचे हात स्वतःच्या कामात गुंतलेले आहेत, कारण विद्या दान म्हणून पदरात पडत नाही. ती साधावी लागते.

दगडावरून कागदावर

घरोघर पोचलेले चित्र तैलचित्र नव्हते, तो शिळाछाप होता. या छपाईचा शोध आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात लावला. तिथल्या खाणीतला गुळगुळीत चुनखडीचा दगड त्यासाठी वापरतात. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि मग रंगाचा रूळ फिरवायचा. ओल्या भागाला तेलकट रंग चिकटत नाही, चित्राच्या रेषेला चिकटतो. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटते.

रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. फिकट पिवळा, गुलाबी, निळा, तपकिरी असे रंग एकावर एक छापत जायचे. एका चित्राला कधी डझनभर किंवा त्याहून अधिक दगड लागत. प्रत्येक वेळी कागद नेमक्या जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर जातो. जुन्या प्रतीवर भिंग धरले तर देवीचा गाल बारीक ठिपक्यांनी भरलेला दिसतो. ते ठिपके कारागिराने दगडावर हाताने दिलेले असत आणि त्यांच्या दाट-विरळपणातून गालाचा गोलावा तयार होई. शेवटी वार्निशचा हात दिला की कागदाला तैलचित्राची चकाकी येई. म्हणून या चित्रांना ऑलिओग्राफ हे नाव पडले.

या तंत्राने चित्राची शैलीही ठरवली. तैलरंगातल्या सूक्ष्म छटा दगडावर उतरत नसत. काठ, दागिने, कमळाच्या पाकळ्या मात्र स्पष्ट उतरत. छापील लक्ष्मी त्यामुळे मूळ चित्रापेक्षा अधिक रेखीव, अधिक उजळ आणि अधिक शोभिवंत झाली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये सुरू झालेली चित्रशाळा देवादिकांची रंगीत शिळाछापील चित्रे आधीपासून काढत होती आणि तिचे रामपंचायतन घराघरांत होते. त्या चित्रांत सपाट रंग आणि जुन्या लघुचित्रांची ठेवण होती. मळवलीच्या चित्रांनी त्यांत शरीराचा गोलावा, उजेड आणि खोली आणली आणि लोकांच्या आवडीचे माप बदलले.

चित्र घरी आल्यावरही सजावट थांबली नाही. अनेक घरांत बायकांनी छापील देवीच्या साडीवर खरी जर, कलाबतू, टिकल्या आणि मणी शिवले, पदराच्या जागी रेशमी कापड लावले आणि मग ती तसबीर काचेत बसवली. मूर्तीला वस्त्र नेसवण्याची रीत कागदालाही लागू झाली. अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्राहकांकडे जपलेल्या आहेत. त्या पाहिल्या की छापलेल्या हजारो प्रतींतली एक प्रत कुठल्या तरी घरची एकुलती एक देवी कशी झाली, ते कळते.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये

ज्या १८९६ मध्ये रविवर्मा यांची लक्ष्मी झाली, त्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची ‘ऋतू’ ही चार चित्रांची मालिका छापली गेली. तीही शिळाछापील, रंगीत आणि सामान्य घराच्या भिंतीसाठी. वसंत म्हणजे पांढऱ्या वस्त्रातली, वाकवलेल्या फांदीची वीणा करून वाजवणारी तरुणी. उन्हाळा केसांत खसखशीची फुले माळलेली. शरद द्राक्षांचे घोस खुडणारी. हिवाळा अंगाभोवती वस्त्र लपेटून थंडीने गारठलेल्या पाखराला हातात ऊब देणारी.

दोन्हीकडे स्त्री आहे, फुले आहेत, उंच उभी चौकट आहे, पण सजावटीची रीत निराळी. मुखाच्या चित्रात ठळक बाह्यरेषा सगळ्यांवर राज्य करते. केस, वस्त्र, वेली एकमेकांत वळत जातात आणि स्त्री नक्षीचाच भाग होते. रंग सपाट आणि संयमी असतात. रविवर्मा यांच्या चित्रात शरीर भरीव राहते आणि सजावट वस्तूंमधून येते: काठ काठच असतो, मोती मोतीच. मुखाची स्त्री पाहणाऱ्याला मोहात पाडते, तिच्यापुढे कोणी हात जोडत नाही. मळवलीच्या लक्ष्मीपुढे निरांजन लागते. म्हणूनच तिथे नक्षी शरीराला गिळू शकत नाही. देवीचा चेहरा आणि तळहात मोकळे राहावेच लागतात.

टीका आणि पुढच्या वाटा

या चित्रांवर कठोर टीकाही झाली. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांना ती नाटकी आणि युरोपीय वळणाची वाटली. देवता म्हणून रंगवलेली रूपे प्रत्यक्षात सजवलेल्या मानवी स्त्रिया आहेत, असा आक्षेप घेतला गेला. त्याला उत्तर म्हणून बंगालमध्ये वेगळी वाट निघाली. १९०५ मध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतमाता रंगवली. तिलाही चार हात आहेत आणि त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि जपमाळ आहे. विद्या, अन्न, वस्त्र आणि साधना एवढेच ती देते. अंगावर भगवे वस्त्र, दागिने जवळजवळ नाहीत, रंग धुक्यासारखे विरळ. लक्ष्मीच्या खुणांचीच भाषा, पण भरजरी सजावटीऐवजी तपस्विनीचे साधेपण. दोन्ही चित्रांना आपापल्या कल्पनेशी इमान आहे.

महाराष्ट्रातली आणखी एक वाट सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची. त्यांच्या प्रसिद्ध जलरंगचित्रात साडी नेसलेली एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे आणि तळव्याच्या आडोशाने तिने ज्योत जपली आहे. त्या चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. तिथे चार हात नाहीत, वाहन नाही, मुकुट नाही. बोटांतून झिरपणारा लालसर उजेड हीच एकमेव खूण आणि ती आशेची. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधले हे चित्र अनेकदा रविवर्मा यांचे म्हणून सांगितले जाते. ते हळदणकरांचे आहे, हे मराठी वाचकाने तरी लक्षात ठेवायला हवे.

मळवलीचा वारसा

छापखाना चालवण्यात रविवर्मा बंधूंना तोटा सोसावा लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो त्यांचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या हाती गेला आणि त्यांनी तो धंदा म्हणून भरभराटीला आणला. रविवर्मा यांच्या चित्रांबरोबर म. वि. धुरंधर यांच्यासारख्या मराठी चित्रकारांच्या चित्रांचाही छापखान्याला आधार मिळाला. साबण, औषधे आणि इतर मालाच्या जाहिरातींवर, कॅलेंडरांवर देवता झळकू लागल्या. लक्ष्मीच्या तळहातातून नाण्यांची धार पडू लागली ती या पुढच्या काळातल्या चित्रांत. वर देणारा मोकळा हात पुरेसा वाटेनासा झाला, म्हणून देणे म्हणजे काय ते नाणी दाखवून सांगावे लागले. खूण उघड झाली आणि तिचा अर्थ आक्रसला.

याच छापखान्यासाठी धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रावरून शिळाछाप करण्याचे काम केले आणि पुढे लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुराणातल्या माणसांना खऱ्या माणसांसारखे दाखवायचे, तरी त्यांचे देवत्व सोडायचे नाही, हा मळवलीच्या चित्रांचा धडा फाळक्यांच्या चित्रपटांतही दिसतो.

रविवर्मा १९०६ मध्ये वारले. छापखाना त्यांच्यानंतर अनेक दशके चालला. १९७२ च्या आगीत तिथले दगड, छापील प्रती आणि मूळ चित्रांचा मोठा भाग नष्ट झाला. त्यामुळे मळवलीच्या कामाचा पुरावा आता मुख्यतः लोकांच्या घरांतच उरला आहे. माळ्यावर किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीवर अशी तसबीर असेल तर ती रद्दीत देऊ नये. काच काढण्याची घाई करू नये, कारण जुना कागद काचेला चिकटलेला असतो. ती ओलीपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावी आणि तळाच्या समासात छापखान्याचे नाव व गाव वाचावे. तिथे कार्ला, लोणावळा असे असेल, तर ती तसबीर महाराष्ट्राच्या कलेचा दस्तऐवज आहे. ती जपणे ही ज्या घरात ती आहे, त्या घराची जबाबदारी आहे.